आधी बास, मग गाणं: जुन्या तंतुवाद्यांवर बरोक आणि लोकप्रिय गाणं एकत्र बांधताना

ए, जी, एफ, ई. चार सूर, एकेक पायरी खाली उतरणारे. ए हा सा धरला तर सा, कोमल नी, कोमल ध आणि प. पंचमावर पोचलं की पुन्हा सा आणि पुन्हा तीच उतरण. संगीतकार क्लाउदिओ मोंतेवेर्दीचा आठवा माद्रिगाल-संग्रह (माद्रिगाल म्हणजे अनेक आवाजांचं गीत) १६३८ साली व्हेनिसमध्ये छापला गेला. त्यात ‘लामेंतो देल्ला निन्फा’ म्हणजे अप्सरेचा विलाप आहे आणि त्याचा मधला भाग पूर्णपणे या चार सुरांच्या बासवर, म्हणजे सगळ्यांत खालच्या ओळीवर, उभा आहे. पर्सी मेफील्डने लिहिलेलं आणि १९६१ साली रे चार्ल्सच्या आवाजात अमेरिकाभर गाजलेलं ‘हिट द रोड जॅक’ही याच उतरणीवर चालतं. मध्ये ३२३ वर्षं गेली, बास तोच राहिला.

साम्य एवढ्यावर थांबत नाही. विलापात प्रियकराने टाकलेली अप्सरा एकटी गाते आणि बाजूला तीन पुरुष, दोन टेनर (उंच आवाजाचे) आणि एक बास (खर्जाच्या आवाजाचा), तिची कीव करत राहतात. ‘हिट द रोड जॅक’मध्ये घराबाहेर काढला जाणारा पुरुष एकटा गयावया करतो आणि समोरून बायकांचा आवाज त्याला वाट दाखवतो. दोन्हीकडे एक दुखावलेला गळा आहे, भोवती बोलणारं मंडळ आहे आणि खाली न थांबणारे चार सूर आहेत. मी बास गांबा वाजवते, म्हणजे गजाने वाजवायचं एक जुनं, खर्जाचं तंतुवाद्य. ही जोडी पहिल्यांदा हाताखाली आली त्या दिवसापासून लोकप्रिय गाणं आणि बरोक, म्हणजे सतराव्या-अठराव्या शतकातलं युरोपीय, संगीत एकत्र बांधण्याची माझी पद्धतच बदलली. ती पद्धत इथे याच जोडीवर, पायरी पायरीने मांडते.

आधी पद्धतीचा गाभा सांगते. बरेच जण गाण्याची चाल उचलतात, बरोक व्हायोलिनवर वाजवतात आणि जागा मिळेल तिथे कंपस्वर (ट्रिल) पेरतात. ते लग्नात भाड्याने आणलेल्या फेट्यासारखं दिसतं. डोक्यावर असतो, पण आपला नसतो. चाल ही वरची गोष्ट आहे. सतराव्या शतकातलं बरंचसं संगीत बासवर उभं आहे आणि विसाव्या शतकातली गाणीही कॉर्डच्या (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गटांच्या), म्हणजे पर्यायाने बासच्या चक्रावर उभी आहेत. तबल्याचा सोलो ऐकताना मागे नगमा फिरत असतो ना, तसाच हा फिरता बास. नगमा ठाम असला की तबलजी वर हवं ते करू शकतो. म्हणून गाणं निवडतानाही आधी बास ऐकायचा.

गाणं निवडताना

आवडतं गाणं लावा आणि शब्दांकडे लक्ष न देता फक्त खालचा सूर गुणगुणा. चार किंवा आठ मापांत, म्हणजे बारमध्ये, तो फिरून जागेवर येत असेल तर गाणं आपल्या कामाचं. दर ओळीला नवीन वाट धरत असेल तर ते बाजूला ठेवा, कितीही आवडत असलं तरी.

मग तो बास जुन्या चक्रांपैकी कोणाशी जुळतो ते पाहा. उतरते चार सूर हे एक चक्र. दुसरं फोलिया: डी मायनर, ए, डी मायनर, सी, एफ, सी, डी मायनर, ए अशी चाल, तीन मात्रांचं माप आणि दुसऱ्या मात्रेवर झुकणारं वजन. कोरेल्लीने १७०० साली व्हायोलिनसाठी आणि मारां मारेने १७०१ साली गांबासाठी याच चक्रावर लांबलचक आवर्तनं छापली. तिसरं पासामेझ्झो, ज्याच्या कुळात ‘ग्रीनस्लीव्ह्ज’ हे जुनं इंग्रजी गाणं बसतं. चौथं पाखेलबेलच्या कॅननचं: डी, ए, बी मायनर, एफ शार्प मायनर, जी, डी, जी, ए. तिथे आठ सुरांचा बास २८ वेळा फिरतो आणि आजच्या पॉपमध्ये हे चक्र इतकं भेटतं की एकदा ओळखीचं झालं की रिक्षातल्या रेडिओवरही ऐकू येतं.

हे करताना आपण परंपरा मोडतोय अशी धास्ती बाळगायचं कारण नाही. जॉन प्लेफोर्डने १६८४ साली लंडनमध्ये ‘द डिव्हिजन व्हायोलिन’ छापलं ते गल्लीबोळात गाजणाऱ्या चालींवर व्हायोलिनने ताना घ्याव्यात म्हणूनच. बाखने १७४१च्या गोल्डबर्ग व्हेरिएशन्सच्या शेवटच्या व्हेरिएशनमध्ये दोन लोकगीतं एकमेकांत विणली, त्यातलं एक कोबी आणि सलगमवरचं. १६७३ साली बीबर या संगीतकाराने ‘बत्तालिया’ या लढाईवरच्या रचनेत आठ लोकगीतं एकाच वेळी, वेगवेगळ्या पट्ट्यांत सोडली. लोकप्रिय गाण्याला हात लावणं हा बरोक वादकांचा रोजचा उद्योग होता.

वाद्यं: कोणाकडे कोणतं काम

बास गांबाकडे बास. सहा तारा, खालून वर डी, जी, सी, ई, ए, डी. गांबा पायांत धरायची, जमिनीला टेकणारी खुंटी नाही, आणि गज तळहात वर करून धरायचा. पट्टीवर सात पडदे असतात आणि तेही बांधलेले. सतारीचे पडदे सरकवणाऱ्याला हे लगेच कळेल. इथे फक्त धातूऐवजी तातीचे, म्हणजे आतड्याच्या तारेचे, वेढे असतात.

कॉर्डसाठी बरोक गिटार किंवा थिऑर्बो, म्हणजे बोटांनी छेडायचं, लांब मानेचं ल्यूट. बरोक गिटारला तारांच्या पाच जोड्या असतात आणि त्यांची नावं आजच्या गिटारच्या वरच्या पाच तारांचीच: ए, डी, जी, बी, ई. साधी नायलॉन गिटार असेल तर सहावी जाड तार विसरून जा, हाताला सगळे आकार ओळखीचेच लागतील. थिऑर्बोचं वेगळं आहे. त्याच्या वरच्या दोन तारा एक सप्तक खाली लावतात, त्यामुळे सगळ्यांत उंच सूर मधल्या तारांवर सापडतो. गिटारवाल्याने दोन दिवसांत थिऑर्बो हाती घेऊन कार्यक्रम धरू नये, एवढंच सांगते.

वरची ओळ बरोक व्हायोलिनकडे.

यातलं काहीच हाताशी नसेल तर? पुण्यात, मुंबईत, पणजीत बहुतेकांकडे साधं व्हायोलिन आणि फार तर चेलो असतो. त्यानेही काम होतं. वरच्या दोन तारा तातीच्या लावा. गज नेहमीच्या जागेपेक्षा थोडा वर, मधल्या बाजूला सरकवून धरा, म्हणजे तो हलका होतो आणि छोट्या बरोक गजासारखा बोलू लागतो. उलट चूक मात्र करू नका. गांबा किंवा ल्यूटजातीच्या वाद्यावर पोलादी तारा चढवायच्या नाहीत. ती वाद्यं कमी ताणासाठी बनवलेली असतात. वरची पातळ फळी दबते, मान वाकते आणि ते नुकसान भरून येत नाही.

तात म्हणजे आतड्याची तार. सारंगीच्या मुख्य तारा याच जातीच्या, त्यामुळे ती आपल्याकडे परकी नाही. तिचा आवाज पोलादाइतका मोठा नसतो, पण प्रत्येक सुराला तोंड असतं. गज लागताक्षणी व्यंजनासारखा एक बारीक ‘क्’ किंवा ‘त्’ ऐकू येतो. लोकप्रिय गाण्याला शब्द असतात, म्हणून ही तोंडं फार उपयोगी पडतात. तातीवर बारीक केस उभे राहू लागले की ते ओढायचे नाहीत. नेलकटरने मुळाशी कापायचे आणि बदामतेलाचा एक थेंब बोटावर घेऊन तार पुसायची. गज फिरतो त्या भागाला मात्र तेल लागू देऊ नका, राळ धरत नाही.

पावसाळ्यात तात दमट हवा पिते. एका सभागृहात मी आतल्या खोलीत मनासारखं लावून बाहेर आले. रंगमंचावर एसी थेट डोक्यावर आणि दिवे समोर. दुसऱ्या गाण्यात वरची डी तुटली आणि उरलेला कार्यक्रम पाच तारांवर काढला. तेव्हापासून वाद्य अर्धा तास आधी जिथे वाजवायचं तिथेच उघडून ठेवते, सूर तिथेच लावते आणि खिशात एक आधी ताणून ठेवलेली जादा तार असते. नवी कोरी तार तासभर तरी उतरत राहते, ऐन वेळी तिचा उपयोग नाही.

सूर आणि पडदे

बरोक वादक आज बहुधा ए ४१५ हर्ट्‌झला लावतात. आजचा ए ४४०. फरक बरोबर अर्ध्या सुराचा, म्हणून ४१५वर वाजवलेला ए मायनर ४४०च्या मोजमापात जी शार्प मायनर ऐकू येतो. रे चार्ल्सचं रेकॉर्डिंग जी शार्प मायनरमध्येच आहे. गांबा ४१५ला लावा, ए मायनर धरा आणि रेकॉर्ड लावून तिच्याबरोबर वाजवा. सराव करायला याहून चांगला सोबती मला सापडलेला नाही. सोबत कीबोर्ड असेल तर त्याचं ट्रान्सपोज उणे एक करा. गिटार अर्धा सूर उतरवून लावा.

गायकाला ए मायनर बसत नसेल तर पट्टी बदलावी लागेल, आणि इथे एक जागा जपायची असते. सूर लावण्याच्या मीनटोन नावाच्या जुन्या पद्धतीत तिसरे स्वर शुद्ध असतात. तानपुरा नीट जुळला की न छेडताच जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, तोच हा तिसरा स्वर. पियानोवरचा गंधार त्याहून १४ सेंट चढा असतो (अर्ध्या सुराचे १०० सेंट). पण मीनटोनमध्ये सगळे काळे सूर मिळत नाहीत. सी शार्प, एफ शार्प, जी शार्प, बी फ्लॅट आणि ई फ्लॅट मिळतात. ए फ्लॅट आणि डी शार्प मिळत नाहीत. त्यामुळे उतरते चार सूर ए, डी आणि जी मायनरमध्ये गोड लागतात. ई मायनरमध्ये शेवटचा बी मेजर डी शार्प मागतो आणि सी मायनरमध्ये तिसरा सूरच ए फ्लॅट असतो. तिथे सगळं किंचाळतं. गायिकेची पट्टी ई मायनरच असेल तर मीनटोनचा हट्ट सोडा आणि पडदे समान अंतरांवर ठेवा.

आपल्या ए मायनरमध्ये शेवटचा कॉर्ड ई मेजर, त्याचा जीव जी शार्पमध्ये. गांबावर तो पहिल्या पडद्यावर घेऊ नका. ई तारेच्या चौथ्या पडद्यावर घ्या. आता व्हायोलिनवाल्याला मोकळी ई धरायला सांगा, तुम्ही जी शार्प धरा आणि दोघांमधली थरथर ऐका. चौथा पडदा हळूहळू खुंट्यांकडे सरकवा. ६८ सेंटिमीटर लांबीच्या तारेवर साधारण ४ मिलिमीटर सरकला की थरथर मावळते आणि कॉर्ड एकदम शांत होतो. नशीब असं की चौथ्या पडद्यावर सहाही तारांवर तिसरेच स्वर येतात: एफ शार्प, बी, ई, जी शार्प, सी शार्प, एफ शार्प. सगळ्यांनाच थोडं उतरायचं असतं, म्हणून एक पडदा हलवून सहा सूर सुधारतात. सोबत आजची धातूच्या पक्क्या पडद्यांची गिटार असेल तर मात्र हे करू नका, तिच्याशी भांडण होईल.

बास आणि कॉर्ड बसवताना

पहिल्या तालमीला चाल वाजवायचीच नाही. फक्त बास, मेट्रोनोम ८८, प्रत्येक सुराला दोन मात्रा. दहा मिनिटं. यात एकच गोष्ट पाहायची: ई वरून ए वर परत येताना ढकलल्यासारखं होतंय की पडल्यासारखं. पडल्यासारखं व्हायला हवं, सम आपोआप यावी तसं.

गजाची दिशा ठरवून लिहा. व्हायोलिनवर जोराची मात्रा ओढीच्या गजाने येते. गांबावर तळहात उलटा असल्यामुळे जोर पुढे ढकलण्यात असतो. दोघांनी एकाच दिशेने गज फिरवायचं ठरवलं की दोघांपैकी एकाचं वजन चुकीच्या मात्रेवर पडतं. शेजारी बसलेले दोघे उलट्या दिशांनी वाजवताना दिसले तर घाबरू नका, तेच बरोबर आहे.

आता कॉर्ड. गाण्याच्या पुस्तकात ए मायनर, जी, एफ, ई मेजर असे चार सरळ कॉर्ड लिहिलेले असतात. गिटारवर ते झोडायला मजा येते, पण तातीच्या वाद्यांवर चारही सरळ कॉर्ड एकापाठोपाठ खाली घसरले की पोकळ आवाज येतो. सगळे आवाज एकाच पाठोपाठ एक पायरी उतरत असतात ना. बरोक उपाय सोपा आहे. मधल्या दोन सुरांवर पंचमाऐवजी सहावा स्वर घ्या. जी वर जी-बी-ई आणि एफ वर एफ-ए-डी. बास तोच राहतो, पण कॉर्ड आतून ई मायनर आणि डी मायनर होतात. एवढ्या एका बदलाने गाणं सतराव्या शतकात शिरतं आणि ऐकणाऱ्याला गाणं बदललंय असं वाटतही नाही.

पुढची पायरी म्हणजे लांबवलेले सूर. दुसऱ्या व्हायोलिनला ही ओळ द्या. बास ए असताना ई घ्या आणि दुसऱ्या मात्रेला एफवर जा. बास जी ला उतरला तरी एफ सोडू नका, तो टोचू द्या, मग ई ला उतरा. बास एफ ला गेला की तो ई धरून ठेवा आणि मग डी. बास ई वर आला की डी धरूनच ठेवा आणि नव्या आवर्तनात सी वर सोडा. आपल्या भाषेत प–ध, ध–प, प–म, म आणि मग ग. ध आणि ग कोमल. प्रत्येक वेळी बास हलतो आणि वरचा सूर अडून बसतो. त्याच वेळी थिऑर्बोवाला ई च्या कॉर्डमध्ये आधी ए धरतो आणि मग जी शार्पला उतरतो. विलापातली कळ आणि गाण्यातला तोरा, दोन्ही या अडण्यात मावतात.

बरोक गिटारच्या हातात मात्र थोडं मोकळं सोडा. झिरोलामो मोंतेसार्दोने १६०६ साली फ्लॉरेन्समध्ये छापलेल्या पुस्तकात कॉर्डना अक्षरं दिली होती. त्या पद्धतीला अल्फाबेतो म्हणतात. शब्दांच्या डोक्यावर अक्षर छापायचं आणि गिटारवाल्याने तो कॉर्ड झोडायचा. आजच्या गाण्यांच्या वहीचं हे थेट पूर्वरूप. फक्त अक्षरांचा सुरांच्या नावांशी संबंध नाही. अल्फाबेतोत डी म्हणजे ए मायनर, ए म्हणजे जी, जी म्हणजे एफ आणि एफ म्हणजे ई मेजर. आपलं चक्र त्यात डी-ए-जी-एफ असं लिहिलं जाईल. जुन्या छापील पानांवरून वाजवणार असाल तर ही यादी तोंडपाठ करा, नाहीतर पहिल्याच ओळीला घोटाळा होतो.

गिटार सरळ कॉर्ड झोडते आणि दुसरं व्हायोलिन सहावे स्वर धरतं, याची टक्कर होते का? होते. म्हणून दोघांना पाळी द्या: गाण्याच्या भागात गिटार, विलापाच्या भागात व्हायोलिन आणि थिऑर्बो.

ताना

डिएगो ओर्तिझने १५५३ साली रोममध्ये आणि क्रिस्टोफर सिम्प्सनने १६५९ साली लंडनमध्ये गांबावाल्यांसाठी जी पुस्तकं छापली, त्यांचं काम एकच: फिरत्या बासवर ताना कशा घ्यायच्या. सिम्प्सनची वाट आपल्या पलट्यांच्या अभ्यासाला इतकी जवळची आहे की मला ती शिकताना कधी परकी वाटली नाही. बासच्या सुरावरून निघा, मधल्या जागेत हिंडा आणि पुढच्या सुरावर वेळेत या.

हा पलटा घ्या. प्रत्येक बास-सुराला चार सूर: सा ग रे सा, नी रे सा नी, ध सा नी ध, प ध नी प, आणि सा वर उडी. पहिल्या तीन गटांत ग, नी, ध कोमल. चौथ्या गटात ध आणि नी शुद्ध, कारण आता वर चढायचंय. सावकाश शंभर वेळा वाजवा. मग त्याचे सूर मागेपुढे करा, मग अर्ध्या वेगात, मग दुप्पट वेगात. कार्यक्रमात आठ आवर्तनं पुरतात: दोन साधी, दोन चार-चार सुरांची, तीन आठ-आठ सुरांची आणि शेवटचं पुन्हा साधं. तान संपली हे साध्या आवर्तनावरूनच कळतं.

गाण्याचा झोल, ज्याला स्विंग म्हणतात, तो बरोक वादकाला परका नाही. फ्रान्स्वा कूपराँने १७१६ साली लिहून ठेवलंय की फ्रेंच लोक लिहितात एक आणि वाजवतात वेगळं, सारखे लिहिलेले सूर असमान वाजवतात. म्हणून ताना सरळ सारख्या सुरांत लिहा आणि वाजवताना पहिला लांब, दुसरा आखूड करा. किती लांब ते गायकाकडे बघून ठरवा. ठरवून मोजलेला स्विंग कोरडा लागतो.

गायकाला कंपस्वर शिकवायच्या भानगडीत पडू नका. त्याला त्याचं गाणं गाऊ द्या. अलंकार वाद्यांनी घ्यायचे आणि तेही त्याच्या श्वासांच्या जागी.

चारातून तीनात

गाणं चार मात्रांत चालतं, विलाप तीनात. बहुतेक जण इथे थांबतात, टाळी घेतात आणि नव्याने सुरू करतात. तसं करायची गरज नाही. मात्रांशी असं खेळणं पॉपलाही नवीन नाही. १९६५चं ‘अ लव्हर्स कॉन्सर्टो’ हे पेट्झोल्डच्या तीन मात्रांच्या मिनुएटलाच (मिनुएट म्हणजे एक नाच) चारात बसवून बनवलेलं आहे.

आपण उलट जाऊ. ८८च्या लयीत प्रत्येक बास-सुराला दोन मात्रा होत्या. वळणावर सगळ्यांनी थांबायचं, फक्त गांबा उरते आणि तीच प्रत्येक सुराला दोनऐवजी चार मात्रा द्यायला लागते. एक पूर्ण आवर्तन असं जाऊ द्या, ऐकणाऱ्याचा पाय अजून चारात आपटत असतो. दुसऱ्या आवर्तनात थिऑर्बो त्याच चार मात्रांच्या जागेत तीन सारखे सूर टाकतो. म्हणजे पाऊणपट लय. ८८ची ६६ झाली. विलापाला ६६ बेतशीर लागते. परतताना हेच उलट करा: तीनावर गिटारने हलकेच चार सुरू करायचे आणि मग बास दुप्पट वेगाने पुन्हा दोन मात्रांवर आणायचा. हे वळण एकट्याने टाळी देत देत बोलून पाहा. तबला शिकलेला कोणी गटात असेल तर त्याला मोजायला बसवा, पाच मिनिटांत सगळ्यांना जमवून देईल.

विलापाच्या भागात गायिका असेल तर उत्तम, नसेल तर अप्सरेची ओळ व्हायोलिनकडे द्या. मोंतेवेर्दीने सूचना करून ठेवली आहे की तिघा पुरुषांनी विलापाच्या आधी आणि नंतर हाताच्या तालाने गावं, विलापात मात्र अप्सरेने मनातल्या भावाच्या लयीने गावं आणि तिघांनी तिच्या मागे जावं. आपण मात्र बास आणि साथ काटेकोर ठेवू, वरचा आवाज मोकळा, उशिरा येणारा, कधी लवकर निघणारा. मैफलीत विलंबित ऐकलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. मग त्याच रीतीने परतीचं गाणं गाऊन घ्या. विलापात सैल झालेला गळा गाण्यातही सैल राहतो आणि तिथून पुढे ‘दोन वेगळी संगीतं’ असं काही उरत नाही.

ड्रम नकोत, कागद चालेल

ड्रमसेट आणला की ताती ऐकू येत नाहीत, म्हणून तो नकोच. ठेका वाद्यांतूनच काढा. बीबरने ‘बत्तालिया’त बासवाल्याला तारांमध्ये कागद खोचायला सांगितलाय, त्याने पडघमासारखा खरखरीत आवाज येतो. वर्तमानपत्राचा कागद मऊ पडतो, वहीच्या पानाची दुमडलेली पट्टी चांगली. ती घोडीपासून चार बोटांवर, तारांच्या वरखाली विणून घाला आणि बोटाने तार छेडा. टोबायस ह्यूमने १६०५ साली गांबावाल्यांना गजाच्या लाकडाने तारांवर आपटायला लावलं होतं. गजाचं लाकूड जपायचं असेल तर पेन्सिल वापरा. गिटारच्या झोडीत हे दोन आवाज मिसळले की ठेका पुरेसा होतो.

माईक शक्यतो एकच, वाद्यमेळाच्या समोर दोन मीटरवर, आणि जो मोठा वाजवतो तो मागे बसेल. सभागृह मोठं असेल तर गांबाला आणि थिऑर्बोला वेगळे माईक द्या, व्हायोलिनला नको.

परवानगीचंही बघा. मोंतेवेर्दी १६४३ साली गेला, त्याच्यावर कोणाचा हक्क नाही. पर्सी मेफील्ड १९८४ साली गेला आणि भारतात हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. कार्यक्रमासाठी आयपीआरएसचा (गीतकार-संगीतकारांच्या हक्कांची संस्था) परवाना सभागृहाने घेतलाय का ते आयोजकांना विचारा. रेकॉर्डिंग टाकणार असाल तर वेगळी परवानगी लागते.

गोव्यातल्या वाचकांसाठी एक वाट सुचवते. मांडो व्हायोलिन आणि घुमटाच्या साथीने, दोन आवाजांत, तिसऱ्याच्या अंतराने गातात. ही समांतर तिसऱ्या स्वरांची सवय गोव्याच्या चर्चशाळांतून आलेली आहे. मांडो गाणाऱ्यांच्या कानाला शुद्ध तिसरा स्वर नवा नसतो. त्यांच्यासोबत गांबा किंवा तातीचा चेलो बसवला तर वर सांगितलेली अर्धी मेहनत वाचते.

साधारण साडेपाच मिनिटांचा आराखडा

पहिली चार आवर्तनं गिटार आणि गांबा. सोळा आवर्तनं गाणं, मंडळ समोरून उत्तर देतंय. आठ आवर्तनं ताना. मग गांबा एकटी, वळण, आणि आठ लांब आवर्तनं विलाप, गाणारं मंडळ आता खालच्या आवाजात. परतीचं वळण, बारा आवर्तनं गाणं, यावेळी गिटारबरोबर दुसरं व्हायोलिनही अडलेल्या सुरांनी शिरतं. आता टक्कर चालते, कानाला दोन्ही ओळखीचे झालेत.

शेवट आधीच ठरवा. रेकॉर्डवर गाणी आवाज कमी करत विरून जातात, समोर बसलेल्या माणसांपुढे तसं करता येत नाही. मी असं करते: शेवटच्या तीन आवर्तनांत एकेक जण थांबतो, आधी गिटार, मग व्हायोलिनं, मग थिऑर्बो. गांबा उरते, ए, जी, एफ, ई. ई वर गज थांबतो, ए वर जायचं नाही. पाय आपटणारे तिथेच अडकतात. दोन श्वास थांबायचं. मग सगळ्यांनी मिळून एकदाच, हलक्या गजाने ए. त्यात सी नाही, सी शार्प. तोही चौथ्याच पडद्यावरचा, ए तारेवर.